संस्कृतीच्या चित्रात आपले घर कुठे?

शाळेत मुलांना एक प्रकल्प हमखास मिळतो: 'मानवी संस्कृतीचे टप्पे'. राज्य मंडळाच्या पाचवीच्या 'परिसर अभ्यास भाग दोन'मध्ये अश्मयुगापासून नागरी संस्कृतीपर्यंतचा प्रवास आहे, त्यामुळे हा विषय निघतोच. पूर्वी मुले कार्डशीटवर चित्रे चिकटवायची. आता घराघरात मोबाईल आहे, म्हणून शिक्षक 'डिजिटल कोलाज करून आणा' असे सांगतात. मूल गुगल उघडते. गुहेतला माणूस, इजिप्तचा पिरॅमिड, ग्रीसचे खांब, वाफेचे इंजिन आणि शेवटी एक रोबो. पाच चित्रे, दहा मिनिटे, काम संपले. अम्मी म्हणते, चला, झाला एकदाचा प्रोजेक्ट.

अशा कोलाजमधले कोणतेच चित्र चुकीचे नसते. पण त्यात अकोला नसते, अचलपूर नसते, पूर्णा नदी नसते. संस्कृती नावाची गोष्ट कुठेतरी दूर घडली आणि आपण तिचे फक्त गिऱ्हाईक आहोत, असे त्या मुलाच्या मनात नकळत बसते. आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. मध्ययुगाच्या जागी काय लावायचे म्हणून शोधले, तर बहुतेक वेळा हाती लागते ती एक तलवार. शेकडो वर्षांचा कागद, चरखा, पाणी, बांधकाम, लिपी हे सगळे त्या एका तलवारीमागे झाकले जाते. हे मूल मोठे होऊन स्वतःविषयी काय समजणार, हा प्रश्न गुणांपेक्षा मोठा आहे.

म्हणून हाच प्रकल्प आपल्या वऱ्हाडातून आणि आपल्या घरातून कसा करता येईल, ते पाहू या.

कोलाज का?

'कोलाज' हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा मूळ अर्थ चिकटवणे. १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रावर वर्तमानपत्राचे कपटे, रंगीत कागद चिकटवायला सुरुवात केली आणि हा प्रकार कलेच्या जगात रुजला. कोलाजचे वैशिष्ट्य असे की त्यात तुकडे एकमेकांवर येतात. वरचा तुकडा खालच्याला थोडा झाकतो, पण पुसून टाकत नाही.

संस्कृतीचेही तसेच आहे. पुस्तकात अश्मयुग संपते, मग ताम्रयुग, मग लोहयुग. प्रत्यक्षात कोणतेच युग पूर्ण संपत नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात पाहा. पाटा-वरवंटा दगडाचा आहे, बदना तांब्याचा आहे, विळा लोखंडाचा आहे आणि ओट्यावर मिक्सर आहे. शेतात ट्रॅक्टर आला तरी डवऱ्याला बैल लागतोच. चार युगे एका स्वयंपाकघरात नांदतात. म्हणून सरळ रेषेतल्या तक्त्यापेक्षा कोलाज या विषयाला जास्त शोभतो.

आता एकेक थर घेऊ.

पहिला थर: दगड

मोर्शीच्या उत्तरेला सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बैतुल जिल्ह्याच्या हद्दीत, अंबादेवी नावाच्या परिसरात दगडी कपारी आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना २००७ मध्ये तिथे प्राचीन माणसाने काढलेली चित्रे सापडली. पुढे शोध घेता घेता अशा अनेक कपारी उजेडात आल्या. त्यांवर जनावरे आहेत, माणसे आहेत, खुणा आहेत. गुहाचित्र म्हटले की मुले फ्रान्स, स्पेन किंवा फार तर भीमबेटका शोधतात. आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर तीच गोष्ट आहे हे त्यांना माहीत नसते.

दुसरा थर: बियाणे आणि मडके

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे दगड आणि तांबे दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. मातीच्या थरांतून निघालेल्या जळक्या धान्याचाही शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्या लोकांनी काय पेरले आणि काय शिजवले, हे जळालेल्या दाण्यांनी सांगितले. कोलाजमध्ये या थरासाठी घरातलेच मूठभर ज्वारीचे किंवा तुरीचे दाणे आणि पाण्याचा माठ यांचा फोटो लावता येतो. खाली मात्र लिहायचे: 'आजचा माठ, आजचे धान्य, पण पेरण्याची आणि भाजलेल्या मातीत पाणी ठेवण्याची कला त्या काळापासूनची.'

तिसरा थर: लोखंड

विदर्भाचे प्राचीन वैशिष्ट्य म्हणजे शिलावर्तुळे. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथे मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेली दफने आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातल्या या लोकांना लोखंड चांगले अवगत होते. नायकुंडला लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. दफनांत लोखंडी अवजारे, शस्त्रे आणि घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे दागिनेही मिळाले.

कुरआनात एका सूरहचे नावच 'अल-हदीद' म्हणजे लोखंड आहे, हे मुलांना इथे सांगावे. त्याच सूरहमध्ये लोखंडात मोठी ताकद आहे आणि माणसासाठी फायदेही आहेत, असा आशय येतो. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाह तआलाने लोखंड मऊ केले आणि ते चिलखते घडवीत, हेही कुरआनात आहे. हदीसमध्ये हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत असा उल्लेख आहे. हाताने काम करणाऱ्याची ही इज्जत मुलाच्या मनात बसली, तर कोपऱ्यावरच्या लोहाराकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

चौथा थर: नगर आणि लिपी

वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर ही परंपरेने प्राचीन विदर्भाची राजधानी मानली जाते. मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. नदीचा घाट, जुन्या नाण्याचा फोटो, ब्राह्मी लिपीतले एखादे अक्षर यांनी हा थर उभा राहतो.

पाचवा थर: कागद, पाणी, चरखा

इथे तलवार काढून ठेवू आणि दुसऱ्या गोष्टी शोधू.

अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी. फतहुल्लाह इमादुल्मुल्क यांनी १४९० मध्ये ही सत्ता स्थापन केली आणि १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. या भागातले दोन डोंगरी किल्ले म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोट तालुक्यातला नरनाळा. गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून आले असे मानतात. म्हणजे सुलतानांच्या किल्ल्याने नाव मात्र गुरे राखणाऱ्यांचे जपले. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा तर प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखा आहे. एकाच दगडी कमानीभोवती कोरलेली कमळे आहेत आणि अरबी लिपीतले लेखही आहेत. सगळ्या कोलाजमध्ये एकच इमारत लावायची असेल, तर मी हा दरवाजा लावा असे सांगेन.

पाण्याचे पाहा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते, हे अकोला-दर्यापूरकडच्या लोकांना सांगायला नको. पाणी साठवणे आणि वाहून आणणे ही आपल्याकडे नेहमीच मोठी विद्या होती. नरनाळ्यावर अनेक तलाव आहेत. सातपुड्यापलीकडच्या बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, जमिनीखालून बोगद्याने पाणी आणण्याची व्यवस्था झाली. इराणमध्ये तिला 'कनात' म्हणतात. एक विद्या इराणमधून निघून सातपुड्याच्या पायथ्याशी आली. संस्कृती अशी चालते.

कागदाचेही तसेच. तो चीनमध्ये जन्मला, समरकंद आणि बगदादमार्गे पुढे गेला आणि हिंदुस्थानात मुस्लिम राजवटींच्या काळात त्याचा वापर वाढला. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव आजही हातकागदासाठी ओळखले जाते. कुरआनच्या पहिल्या वहीत वाचण्याचा आणि कलमाचा उल्लेख आहे. ज्या उम्मतची सुरुवात अशी झाली, तिने कागद जगभर नेला यात नवल नाही.

आणि चरखा? महात्मा गांधींमुळे तो आपल्या स्वातंत्र्याची खूण झाला. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले आहे की भारतातला चरख्याचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इसामी या कवीच्या 'फुतूहुस्सलातीन' या ग्रंथात, १३५० मध्ये मिळतो. हा ग्रंथ दख्खनमध्ये, पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिला गेला. इस्लामी जगातून आलेले एक साधन आधी घराघरातल्या बायकांचे झाले, पुढे सगळ्या देशाचे झाले. मध्ययुगाच्या जागी तलवारीऐवजी चरखा लावणारे मूल इतिहास बदलत नाही, उलट जास्त पूर्ण इतिहास सांगते.

सहावा थर: कापूस आणि रूळ

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे अकोला, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव, अकोला, अमरावती येथे कापसाचे बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी आली. तिलाच आपण 'शकुंतला' म्हणतो. आज ती बंद आहे, पण आजी-आजोबांना तिच्या गोष्टी विचारा, थांबणार नाहीत.

याच थरात आपल्या अनेक घरांचा व्यवसाय बसतो. वर्गात हा उपक्रम दिला, तेव्हा एका मुलाने गोठ्यात टांगलेल्या पंजोबांच्या धुनकीचा फोटो आणला. घराणे पिंजाऱ्यांचे. वडिलांनी पाहिले आणि म्हणाले, "ये कायको लगाया? लोग क्या बोलेंगे?" मुलगा गप्प झाला. दादीने मात्र फोटो हातात घेतला आणि तात कशी ताणायची, तिच्यावर लाकडी मुठळा कसा मारायचा, रुई कशी फुलून यायची, आवाज कसा यायचा, हे सगळे सांगितले. मुलाने ते जसेच्या तसे फोटोखाली लिहिले. वर्गातल्या कोणालाही वाफेच्या इंजिनाबद्दल एवढे सांगता आले नसते. वडिलांची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. ज्या कामाला लोकांनी हिणवले, ते काम माणूस लपवतो. पण पिंजारी, मोमीन, मनियार, बागवान, अत्तार, छप्परबंद ही नुसती आडनावे नाहीत, संस्कृती ज्या हातांनी उभी राहिली त्या हातांची ती नावे आहेत.

शिडी नको

टप्पे म्हटले की मुले शिडी काढतात. खालच्या पायरीवर जंगलातला माणूस, वरच्या पायरीवर लॅपटॉपवाला. मग कुठले तरी मूल मेळघाटातल्या कोरकू माणसाचा फोटो पहिल्या पायरीवर चिकटवते. हे थांबवले पाहिजे. कोरकू कुटुंब आज, याच वर्षात जगते आहे. त्याच्याकडेही मोबाईल आहे आणि जंगलाचे जे ज्ञान आहे ते आपल्याकडे नाही. जिवंत शेजाऱ्याला 'आदिमानव' म्हणून चिकटवणे हा अन्याय आहे.

माकडापासून माणसापर्यंत रांगेत चालणारे जे प्रसिद्ध चित्र सगळीकडे दिसते, ते रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने १९६५ मध्ये एका पुस्तकासाठी काढले होते. त्यावरून आपल्या घरांत वाद होतात. पण खुद्द जीवशास्त्रज्ञांनीही त्या चित्रावर आक्षेप घेतला आहे, कारण जीवसृष्टी अशी एका रांगेत चालत आलेली नाही. आपला विषय माणसाने काय घडवले हा आहे, तेव्हा ते चित्र न लावताही कोलाज पूर्ण होतो.

इब्न खलदून (१३३२-१४०६) यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त मानवी वस्तीचे दोन प्रकार सांगितले: भटके-ग्रामीण जीवन आणि शहरी जीवन. पहिले जीवन हलके आहे असे त्यांनी मानले नाही. उलट साधेपणा, धैर्य आणि एकमेकांसाठी उभे राहणे तिथे जास्त असते आणि शहर चैनीत बुडाले की ते कमजोर होते, असे त्यांनी मांडले. सहाशे वर्षांपूर्वीच्या या विद्वानाला शिडी मान्य नव्हती.

चित्रांचा प्रश्न

काही घरांत सजीवांची चित्रे काढणे किंवा लावणे आवडत नाही. कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. आपल्या घरात जे मानले जाते ते पाळावे, त्यासाठी मुलाचा प्रकल्प अडत नाही. दगड, दाणे, मडके, नाणे, लिपी, दरवाजा, चरखा, रूळ, फोन: एकही चेहरा न लावता संपूर्ण कोलाज होतो आणि बहुधा जास्त चांगला होतो, कारण वस्तू नीट पाहाव्या लागतात. एक काळजी मात्र सर्वांनी घ्यावी. हजरत नूह (अलै.) यांची नौका किंवा अशा विषयांवर शोध घेतला की प्रेषितांची काल्पनिक चित्रे समोर येतात. ती मुळीच घेऊ नयेत.

कसे करायचे?

१. आधी कागदावर यादी करा. प्रत्येक थरासाठी दोन वस्तू: एक घरातली, एक परिसरातली. पाटा, खलबत्ता, जाते, बदना, रेहल, पानदान, अडकित्ता, विळा, तिफण. जे मिळेल ते.

२. वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवून सकाळच्या उजेडात, सावली न पाडता फोटो काढा. फ्लॅश नको.

३. कॅनव्हा किंवा गुगल स्लाइड्स यांपैकी कोणतेही मोफत साधन मोबाईलवर चालते. पान आडवे घ्या. सर्वांत जुना थर तळाशी ठेवा, कारण उत्खननात जुने खालीच सापडते. पुढचे थर थोडे थोडे एकमेकांवर येऊ द्या.

४. ज्या जागी जाता येत नाही तिथले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात. तिथे फोटो कोणी काढला आणि कोणत्या अटीवर वापरता येतो हे लिहिलेले असते. ते नाव कोपऱ्यात लिहा. दुसऱ्याची मेहनत नाव न घेता वापरणे ही अमानतमध्ये खयानत आहे.

५. प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी: काय, कुठले, कधीचे. मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहिता आले तर उत्तम. फोनच्या कीबोर्डमध्ये दोन्ही भाषा जोडता येतात.

६. शेवटी पीडीएफ करून ठेवा आणि घरातल्या सर्वांना दाखवा.

खरे आणि खऱ्यासारखे

आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की 'प्राचीन विदर्भाचे नगर' क्षणात तयार होऊन येते. चित्र सुंदर असते, पण तो पुरावा नसतो. त्यातला एक दगडही कोणी जमिनीतून काढलेला नाही. असे चित्र वापरलेच तर खाली 'काल्पनिक, संगणकाने तयार केलेले' असे स्पष्ट लिहावे. कुठलीही खबर आली की आधी तिची खातरजमा करा, ही सूरह अल-हुजुरातची शिकवण आपल्याला माहीत आहे. ती चित्रालाही लागू आहे.

आजच्या दिवसांत याचे मोल मोठे आहे. किल्ले, मशिदी, जुनी नावे यांवरून फोनवर रोज काहीतरी फिरत असते आणि त्यात आपल्या मुलांचे मन दुखते किंवा भडकते. ज्या मुलाने स्वतः 'काय, कुठले, कधीचे' हे तीन प्रश्न विचारून एक कोलाज केला आहे, ते मूल आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी तेच तीन प्रश्न विचारेल. नरनाळ्याच्या दरवाज्यावरची कमळे आणि अरबी अक्षरे त्याने जवळून पाहिली असतील, तर इतिहास म्हणजे फक्त भांडण असे त्याला कोणी सहज पटवू शकणार नाही.

कुरआन माणसाला पुन्हा पुन्हा जमिनीवर फिरून पाहायला सांगतो: सृष्टीची सुरुवात कशी झाली, आधीच्या लोकांचे काय झाले. त्यांत बलाढ्य लोकही होते आणि तेही गेले. कोलाजच्या सर्वांत वरच्या थरात आपला मोबाईल असेल. उद्या तोही खालचा थर होणार आहे, हे मुलांना जरूर सांगा.

येत्या सुट्टीत घरातल्या मुलांना घेऊन बसा. एक रविवार नरनाळा किंवा बाळापूरचा किल्ला पाहायला ठेवा, एक दुपार माळ्यावरच्या पेटीसाठी ठेवा. पेटीतून निघालेल्या वस्तूचे नाव, ती कुणाची, कशासाठी होती, हे दादी-नानीच्या तोंडून लिहून घ्या. वस्तू अजून बरीच वर्षे टिकेल. तिचे नाव आणि काम सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे विचारून घ्यायला हवे.